भाड्याने आणलेले हात

एकदा एका वैद्यशाळेच्या कमानीखाली एक फळा लागला, आणि त्या फळ्यासमोर एका कोष्ट्याची मुलगी बराच वेळ उभी राहिली. फळ्यावर फार मजकूर नव्हता. यंदापासून वार्षिक शुल्क साठ मुद्रा; अष्टमीच्या सकाळपर्यंत ज्यांचे शुल्क जमा होणार नाही त्यांनी सामान आवरून खोली मोकळी करावी; खाली शाळेच्या प्रमुखांची सही. मुलीने तो मजकूर दोनदा वाचला, कारण पहिल्या वेळी आकडा वाचण्यात आपली चूक झाली असे तिला वाटले. महाविद्यालयाचे शुल्कपत्रक हातात घेऊन उभ्या राहिलेल्या आजच्या आईबापांना हे दुसऱ्यांदा वाचणे समजावून सांगायला नको.

तिची चार वर्षे पूर्ण झाली होती आणि एकच उरले होते. पहिल्या वर्षी शुल्क होते बारा मुद्रा. मग वीस झाले, मग तीस, मग बेचाळीस. प्रत्येक वाढीला तिचे वडील म्हणत, "एवढं काय, होईल," आणि कुठून तरी ते होत असे. घरात दोन हातमाग होते. गेल्या वर्षी त्यातला एक गेला. तो कुणाच्या घरी गेला हे तिला ठाऊक होते, कारण त्या घरावरून जाताना वडील मान खाली घालत. आता दुसरा माग विकला तर साठ मुद्रा उभ्या राहतील, मुलगी वैद्य होईल, पण तोवर घरातल्या चार माणसांनी खायचे काय, याचे उत्तर कुणाकडेच नव्हते. वडील माग विकतील याबद्दल तिला तिळमात्र शंका नव्हती. म्हणून फळ्याची बातमी त्यांच्या कानावर जाण्याआधी आपणच शाळा सोडायची, असे तिने तिथेच उभ्या उभ्या ठरवले.

शुल्क इतके का चढत गेले, ते इथेच सांगून टाकतो. ही शाळा नाडीपरीक्षेसाठी नावाजलेली होती, आणि नाडी काही ग्रंथ वाचून येत नाही. अनशापोटी बसलेल्या माणसाच्या मनगटावर तीन बोटे ठेवायची, डोळे मिटायचे आणि ऐकत राहायचे; असे हजारदा केले म्हणजे बोटांना थोडे थोडे कळू लागते. त्यासाठी हात लागतात, आणि पुष्कळ लागतात. जुन्या काळी या नगरात एक रीत होती. तिला 'हाताचा वार' म्हणत. प्रत्येक आळीला आठवड्यातला एक वार नेमून दिलेला असे. त्या दिवशी त्या आळीतल्या घराघरांतून एकेक माणूस सकाळी काही न खाता शाळेच्या ओसरीवर येऊन बसे आणि विद्यार्थ्यांपुढे हात करी. बायका डावा, पुरुष उजवा. कधी घरातले आजोबा येत, कधी बाळंतीण येई, कधी कुणाच्या कडेवरचे रडके मूल. तासाभराने गूळ घातलेला गरम काढा मिळे आणि माणसे आपापल्या कामाला लागत.

पुढे नगराला बरे दिवस आले, आणि बरे दिवस आले की माणसाला आपली सकाळ फार मोलाची वाटू लागते. प्रथम एका पेढीवाल्याने आपल्याऐवजी नोकराला पाठवले. शाळेला हात हवा होता, तो मिळाला; त्यात वावगे काय, असे सगळे म्हणाले. महिन्याभरात निम्म्या घरांतून नोकरच येऊ लागले, आणि नोकरांनाही कामे असतात, म्हणून तेही गळत गेले. शेवटी नगरसभेने ठराव केला की ज्याला वैद्य व्हायचे आहे त्याने हात स्वतःच्या खर्चाने आणावेत, नागरिकांचा वेळ घेऊ नये. ठराव एकमताने झाला, कारण हात वर करणाऱ्यांपैकी कुणाच्याच खिशाला त्याची झळ नव्हती. शाळेने कापडपेठेतले बारा हमाल रोजाने लावले. धान्य महागले की ते मजुरी वाढवून मागत, आणि त्यांचे काही चुकत नव्हते. साठांतल्या चाळीस मुद्रा त्या मजुरीत जात. उरलेल्यांतून शिक्षकांचे वेतन निघे, औषधी झाडांची बाग राखली जाई; शिवाय अलीकडेच देणगीतून ती दगडी कमान उभी राहिली होती. कमानीमुळे नाडी जास्त चांगली कळते असा कुणाचाच दावा नव्हता, पण शेजारच्या नगरातल्या शाळेला कमान होती.

मुलगी शाळेत आली तेव्हा हा ठराव होऊन दोन वर्षे उलटली होती. शिकायला बसल्यापासून हाताचा वार तिला एकदाही पाहायला मिळाला नव्हता.

शाळेच्या मागे बागेत एक वृद्ध आचार्य राहत. वय ऐंशीच्या पुढे. शिकवणे त्यांनी थांबवले होते, पण नगरात त्यांच्या शब्दाला मान होता, कारण नगरातल्या अर्ध्या माणसांची पहिली नाडी त्यांनी धरली होती. मुलगी निरोप घ्यायला गेली तेव्हा ते सुपात शतावरीच्या मुळ्या घेऊन माती झटकत बसले होते.

"सामान बांधलंस?" त्यांनी मान वर न करता विचारले.

"बांधते आहे. माझ्यासारखे आणखी सहा जण आहेत."

"सहाही जण जाणार?"

"दोघांच्या घरी जमीन आहे, ते कदाचित राहतील. बाकीचे जाणार."

आचार्यांनी एक मूळ उलटेपालटे करून पाहिले. "चार वर्षांत किती नाड्या धरल्यास?"

एवढ्या एका गोष्टीचा तिला अभिमान होता. "रोज बारा, आचार्य. एक दिवस चुकवला नाही. दहा हजारांच्या पुढे नक्की गेल्या."

शाबासकी मिळेल असे तिला वाटले होते. आचार्य मात्र सूप बाजूला ठेवून तिच्याकडे असे पाहू लागले, की आपण काही तरी अपराध कबूल केला की काय असे तिला वाटले. तिला थोडा रागही आला. माणूस जायला निघाला असताना त्याला चार बरे शब्द ऐकवायला काय हरकत असते?

"अष्टमीपर्यंत थांब," ते म्हणाले. "नगरसभेला मी इथे बोलावतो आहे. सकाळी, अनशापोटी."

"सभेला अनशापोटी कशाला?"

"त्यांना सांग, म्हातारा विक्षिप्त झाला आहे. ते लगेच मान्य करतील."

अष्टमीला सकाळी ओसरी भरली. मध्यभागी नगरशेठ बसले होते. कापडाचा मोठा व्यापारी आणि नगरसभेचा अध्यक्ष. देह भरदार, चेहरा लालबुंद, आवाज खणखणीत. त्यांच्या उजव्या हाताला राजाचा कारभारी आणि डाव्या हाताला शाळेचे प्रमुख. मागे गावातली पाचपन्नास माणसे होती. त्यात खांबाला टेकून तिचे वडील उभे असलेले मुलीला दिसले. बातमी त्यांच्यापर्यंत पोचली होती तर.

चर्चा सुरू झाली आणि पहिल्या काही वाक्यांतच तापली. नगरशेठ म्हणाले, "माझं म्हणणं सरळ आहे. वैद्य होऊन पैसा कोण मिळवणार? शिकणारा. मग शिक्षणाचा खर्च कुणी करायचा? शिकणाऱ्याने. मी दुकान टाकलं तेव्हा माझ्या भांडवलासाठी मी कुणाच्या दारात गेलो नव्हतो."

"दुकानात आलेलं गिऱ्हाईक मरत नाही, शेठजी," मागून कुणी तरी बोलले.

"कोण बोललं ते? पुढे येऊन बोला."

पुढे कुणी आले नाही. प्रमुखांनी घसा साफ केला. "शुल्क वाढवताना आम्हाला आनंद होतो असं समजू नका. तीन वर्षांत शिक्षकांच्या वेतनात दमडीची वाढ नाही. वाढ सगळी हमालांच्या मजुरीत जाते. राजाने हा भार उचलावा, एवढीच आमची प्रार्थना आहे."

कारभारी हसले. "राजाने रस्ते करायचे, तळी बांधायची, सीमा राखायच्या. आता तुमच्या हमालांची मजुरीही द्यायची? कमान बांधायला पैसे होते ना?"

"कमान देणगीतून झाली," प्रमुख म्हणाले.

"मग देणगी देणाऱ्याला विचारायचं होतं, कमान हवी की विद्यार्थी हवेत." देणगी नगरशेठांची होती हे कारभाऱ्यांना पक्के माहीत होते. नगरशेठांच्या कपाळाची शीर टरारली. एकाने दुसऱ्याकडे बोट दाखवले, दुसऱ्याने तिसऱ्याकडे, आणि बोलता बोलता तिघेही उभे राहिले. ज्या सात मुलांचे भवितव्य ठरायचे होते ती भिंतीला लागून गप्प बसली होती. त्यांना कुणी काही विचारले नाही.

तेवढ्यात तिचे वडील पुढे आले. त्यांनी नगरशेठांना हात जोडले. "मालक, भांडू नका. माझ्या मुलीपुरतं मी बघतो. संध्याकाळपर्यंत माग विकून पैसे आणतो."

मुलगी उठली. सभेत मोठ्यांसमोर बोलायची तिला सवय नव्हती, पण त्या क्षणी सभा तिला दिसतच नव्हती. "बाबा, माग विकलात तर मी शाळेत पाऊल ठेवणार नाही. इथेच सगळ्यांसमोर सांगते."

"पोरी, एक वर्षाचा तर प्रश्न आहे."

"आणि पुढल्या वर्षी जेवायचं कशावर?"

बापलेकीचे ते बोलणे ऐकून ओसरी थोडी ओशाळली. नेमक्या त्याच वेळी वृद्ध आचार्य आत आले. त्यांनी कुणाला नमस्कार केला नाही की कुणाची बाजू घेतली नाही. खांद्यावरचे उपरणे काढले, मधोमध फाडून त्याच्या दोन पट्ट्या केल्या आणि वर्गात पहिल्या येणाऱ्या सराफाच्या मुलाला हाक मारली. त्या मुलाचे शुल्क फळा लागला त्याच दिवशी जमा झाले होते. तो निगर्वी आणि अभ्यासू होता, त्याच्याविषयी वाईट बोलण्यासारखे काही नव्हते. एक पट्टी आचार्यांनी त्याच्या डोळ्यांवर बांधली आणि दुसरी कोष्ट्याच्या मुलीच्या.

"आचार्य, इथे शुल्काचा विषय चालला आहे," नगरशेठ म्हणाले.

"तोच पुढे नेतो आहे. सगळे बसा, आणि कुणी आवाज करू नका."

मुलीला आता काही दिसत नव्हते. ओसरीवर पावलांची सळसळ झाली, कुणी तरी जवळ येऊन बसल्याची चाहूल लागली. ही परीक्षा असेल तर आज का, सगळ्यांसमोर का, आणि उत्तीर्ण झाल्याने शुल्क माफ होणार आहे का, असे प्रश्न तिच्या डोक्यात एकदम उसळले. तिला आशा वाटू लागली.

"डावा हात आहे, म्हणजे स्त्री," आचार्यांचा आवाज आला. "आधी तू सांग, बाळ."

सराफाच्या मुलाने बराच वेळ घेतला. मग तो हलक्या आवाजात बोलला, जवळच्यांनाच ऐकू जावे असा. "आचार्य, नाडी दोऱ्यासारखी बारीक आहे. चालता चालता मध्येच थांबते. यांच्या घरच्यांना बोलावून घ्यावं. फार दिवस नाहीत."

तो हात मुलीच्या हातात आला. तिने तीन बोटे ठेवली. चार वर्षांत तिने असे काही अनुभवले नव्हते. बोटाखाली जेमतेम हालचाल होती. चार ठोके आले, मग एक पोकळी, मग पुन्हा तीन. तिच्या ओळखीची निरोगी नाडी म्हणजे बोटाला खालून धक्का देणारी, भरलेली, एका लयीत जाणारी. हे तर विझत आलेले काही तरी होते. तिला त्या अनोळखी बाईची दया आली. "मलाही तसंच वाटतं," ती म्हणाली.

"मेल्यांनो," कुणी तरी म्हणाले, आणि त्या हाताने तिच्या बोटांवर चापट मारली. "सकाळी नदीवर जाऊन अंघोळ करून आले मी. येताना तुमच्या कमानीपाशी एक गाय आडवी उभी होती, तिला हाकलून आले. गेल्या वर्षी तुमच्या त्या नव्या वैद्यानं मला पंधरा दिवस दिले होते. ते संपून किती महिने झाले? आणि माझ्या घरच्यांना बोलवायला नको, घरचे इथे अध्यक्ष होऊन बसलेत."

ओसरीवर हशा उसळला. मुलीने आवाज ओळखला. त्या नगरशेठांच्या आई होत्या, वय चौऱ्याऐंशी, आणि बाजारात घासाघीस करून भाजी घेणाऱ्या म्हणून साऱ्या नगराला ठाऊक. पट्टीखाली तिचे डोळे भरून आले. लोक हसत होते आणि तिच्या चार वर्षांची माती झाली होती. वडील हे पाहत असतील, एवढेच तिच्या मनात येत राहिले.

"शांत बसा," आचार्य म्हणाले. त्यांच्या आवाजात हसू नव्हते. "चौऱ्याऐंशीव्या वर्षी नाडी अशी असू शकते, तो रोग नव्हे. आता दुसरा. उजवा हात. पुरुष."

यावेळी सराफाच्या मुलाला वेळ लागला नाही. चूक सुधारायची संधी मिळाल्यासारखा तो उत्साहाने बोलला. "ही नाडी उत्तम आहे. भरलेली, जोरकस, एका लयीची. प्रकृती ठणठणीत आहे. कष्ट करणारा माणूस असावा."

मग हात तिच्याकडे आला. तिने बोटे ठेवली आणि तिला हायसे वाटले. ही तिच्या ओळखीची नाडी होती, अशा दहा हजार तिने धरल्या होत्या. बोटाला खालून तोच दणका, तोच ताठरपणा. 'निरोगी' हा शब्द तिच्या ओठांवर आला. तो उच्चारला असता तर निदान एक उत्तर तरी बरोबर आले असते.

पण नाडी पाहताना दुसऱ्या हाताने रुग्णाच्या तळव्याला आधार द्यायचा असतो, आणि तिच्या डाव्या हातातला तो तळवा मऊ होता. त्यावर दोरखंडाचा घट्टा नव्हता. गाठोडी उचलून बोटांच्या पेरांशी जे खरखरीत कडे तयार होते ते नव्हते. तळवा लोण्यासारखा आणि नाडी हमालाची. दोन्ही एकाच माणसाचे कसे, हे तिला कळेना. ती गप्प राहिली. सराफाच्या मुलाने सांगितले तेच सांगितले तर कुणी हसणार नव्हते, आणि चुकले तरी दोघे मिळून चुकले असे झाले असते. ती जितका वेळ गप्प बसली तितके तिला खोटे बोलणे सोपे वाटत गेले, आणि त्याचीच तिला भीती वाटली.

"मला सांगता येत नाही," ती शेवटी म्हणाली.

"का?"

"हा हात हमालाचा नाही, आचार्य. आणि हमालाशिवाय दुसरा हात मला माहीत नाही." एवढे बोलल्यावर तिला पुढचे कळले, आणि कळले तसे ती बोलत गेली. "मी दहा हजार नाड्या धरल्या असं तुम्हाला सांगितलं होतं. मी फक्त बारा धरल्या. त्याच बारा, रोज."

तिने स्वतःच पट्टी सोडली. आता शाळेतून जावे लागणारच होते, मग पट्टी कशाला? तिच्यासमोर नगरशेठ बसले होते आणि त्यांचा हात अजून तिच्या हातात होता. अस्तनी वर सारलेली, चेहरा लाल, आणि त्या चेहऱ्यावर थोडा गोंधळ.

आचार्यांनी वाकून नगरशेठांच्या मनगटावर स्वतःची बोटे ठेवली. "शेठजी, सकाळी उठताना डोकं जड असतं?"

नगरशेठांच्या आईच म्हणाल्या, "असतं. कानात भुंगा फिरतो म्हणतो. मला वाटलं, काम फार आहे."

"कुणा वैद्याला दाखवलंत?"

"तीन महिन्यांपूर्वी," नगरशेठ म्हणाले. त्यांचा खणखणीत आवाज बसला होता. "याच शाळेतून बाहेर पडलेला तरुण वैद्य आहे. तो म्हणाला, तुमची नाडी पंचविशीतल्या हमालासारखी आहे. मला बरं वाटलं. मी चार लोकांना सांगितलंसुद्धा."

"त्याने खोटं सांगितलं नाही. नाडी तशीच आहे. जो माणूस दिवसभर पाठीवर गाठोडी वाहतो, त्याच्या मनगटात ती असते तेव्हा ते आरोग्य. जो दिवसभर गादीवर बसतो, त्याच्या मनगटात तीच सापडली तर तो रोग असतो. आणखी वर्षभर ती अशीच राहिली असती तर एक दिवस तुम्ही बसल्या जागी कोसळला असता, आणि लोक म्हणाले असते, काल तर ठणठणीत होते. उपचार आहे. उशीर झालेला नाही."

मग आचार्य सभेकडे वळले. ते फार बोलत नसत आणि त्या दिवशीही फार बोलले नाहीत.

"खर्च कुणी करायचा यावर तुम्ही सकाळपासून भांडता आहात. शिकणाऱ्याने काय द्यायचं ते ही मुलगी देते आहे. चार वर्षं, एक दिवस न चुकवता, आणि आत्ता तिच्याजवळ एकच गोष्ट वाचवण्यासारखी होती, ती म्हणजे तिची लाज, तीही तिने खरं बोलून देऊन टाकली. तिच्या बापाने माग दिला. पण आणखी एक हिस्सा असा आहे की तो तिने माग विकून आणू म्हटलं काय आणि या सराफाच्या मुलाने घरातलं सोनं विकून आणू म्हटलं काय, बाजारात मिळतच नाही. तो तुमच्या अंगावर होता. म्हाताऱ्यांनी यायचं होतं, बाळंतिणींनी यायचं होतं, गादीवर बसणाऱ्यांनी यायचं होतं. तुम्ही म्हणालात, आमची सकाळ मोडते, भाड्याने आणा. मुलांनी हात भाड्याने आणले. भाड्याने जे मिळतं तेच ती शिकली. आज या शाळेतून बाहेर पडणारा वैद्य फक्त हमालांना ओळखतो, आणि साठ मुद्रा भरून आलेला असल्यामुळे मोबदला एवढा मागतो की हमालाला त्याच्या दारात उभं राहता येत नाही. ज्यांना तो बरं करू शकतो ते त्याच्याकडे जात नाहीत, आणि जे जातात त्यांना तो ओळखत नाही. विद्या ज्याच्या उशाशी येऊन बसणार आहे, तिचा भार त्याच्यावरही असतो. तो नको म्हणून दुसऱ्याच्या पाठीवर टाकता येतो, पण आजारी पडायची वेळ आपलीच असते."

कारभारी हिशेबी मनुष्य होते. त्यांनी विचारले, "आणि हात पुन्हा फुकट मिळाले, तरी उरलेल्या वीस मुद्रा?"

"त्यावर जरूर भांडा. राजाने किती, नगराने किती, शाळेने कमानी किती कमी बांधायच्या. ते भांडण माणसांच्या आवाक्यातलं आहे. मिटेल किंवा मिटणार नाही, पण त्यापायी कुणाचा माग विकला जाणार नाही." मग ते खाली बसले. त्यांची बोटे किंचित थरथरत होती हे फक्त जवळ बसलेल्या मुलीला दिसले. तिला उद्देशून ते हळूच म्हणाले, "या बोटांना अजून दोनेक वर्षं कळेल. पुढे तुलाच बघावं लागेल."

त्या दिवशी सभेने सगळा प्रश्न सोडवला असे सांगितले तर तुम्ही विश्वास ठेवणार नाही, आणि ठेवूही नये. फळा उतरवला गेला. हमालांच्या मजुरीचा हिस्सा शुल्कातून वगळला, सातही मुलांना राहू दिले आणि कोष्ट्याच्या घरातला माग घरातच राहिला. उरलेल्या वीस मुद्रांवरून कारभारी आणि प्रमुख दुपारपर्यंत एकमेकांचे दोष काढत होते. त्या भांडणात नगरशेठ नव्हते. आचार्यांनी लिहून दिलेला उपचार घडी करून त्यांनी खिशात ठेवला आणि आईला हात देऊन ते कमानीखालून बाहेर पडले.

दुसऱ्या दिवशी नवमी. हाताचा वार पुन्हा सुरू करायचा ठराव झाला खरा, पण ठराव होणे वेगळे आणि माणसे येणे वेगळे, म्हणून मुलगी धाकधुकीनेच ओसरीवर आली. पाच माणसे आली होती. एक तान्हे मूल घेऊन आलेली बाई, दोन म्हातारे, शेठजींच्या आई, आणि त्यांच्या शेजारी खाली सतरंजीवर मांडी घालून बसलेले स्वतः नगरशेठ. पेढीची किल्ली त्यांनी मुनिमाकडे दिली होती.

त्यांनी आपण होऊन अस्तनी वर केली. मुलीने त्यांच्या तळव्याला आधार दिला, तीन बोटे ठेवली आणि डोळे मिटले. नगरशेठ तिच्या चेहऱ्याकडे बघत राहिले. आदल्या दिवशी शुल्काविषयी बोलताना त्यांनी तिच्याकडे एकदाही बघितले नव्हते, आणि आता तिच्या कपाळावरची बारीकशी आठीसुद्धा त्यांच्या नजरेतून सुटत नव्हती.

"काय वाटतं?" त्यांनी विचारले.

"अजून कळत नाही, शेठजी. बरेच दिवस धरावी लागेल."

नगरशेठांनी मान हलवली. हात त्यांनी काढून घेतला नाही. "येत जाईन," ते म्हणाले. "तू शीक."